ग्लासातील पांढरी रेघ

हिंगणा मार्गावरील माझ्या छोट्या रोपवाटिकेत, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातील एका दुपारी, टोमॅटोच्या साठ रोपांपैकी सतरा रोपांनी माना टाकलेल्या आढळल्या. पाने पिवळी पडलेली नव्हती, करपलेलीही नव्हती. हिरवीगार असतानाच ती ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. आदल्या दोन दिवसांतही तीन-चार रोपे अशीच मलूल दिसली होती आणि ऊन-पावसाच्या खेळातील उन्हाचा तो ताण समजून मी ठिबकची वेळ वाढवली होती.

ही रोपे ब्रँडीवाइन आणि चेरोकी पर्पल या अमेरिकेतील पिढीजात वाणांची होती. घरचेच बी धरून जपलेल्या या वाणांचे फळ मोठे, साल पातळ, आणि चव अशी की बाजारातला संकरित टोमॅटो त्यापुढे पाणचट लागावा. मात्र नागपूरची हवा त्यांना मानवत नाही. रात्रीचे तापमान २१-२२ अंशांच्या वर राहू लागले की परागकण धड तयार होत नाहीत, आणि हवा दमट असली तर तयार झालेले परागही चिकट होऊन सुटत नाहीत. मग फूल देठाशी पिवळे पडून गळते. उन्हाळ्यात तर विचारायलाच नको. त्यामुळे फुलोरा नोव्हेंबरच्या गार रात्रींत यावा असे वेळापत्रक बसवावे लागते. ब्रँडीवाइनला लागवडीपासून पहिले फळ पिकायला तीन महिने सहज लागतात. तेव्हा थंडीत फळ हवे असेल, तर रोप भर पावसाळ्यात जमिनीत जायला हवे.

आमची काळी माती पावसात चार-चार दिवस पाणी धरून ठेवते आणि टोमॅटोची मुळे त्यात गुदमरतात. म्हणून जुलैमध्ये मी बाहेरून लाल मातीचा एक ट्रक मागवून पाच उंच गादीवाफे केले होते. चौथ्या वाफ्यापर्यंत ती माती संपली, आणि पाचवा वाफा नाइलाजाने आमचीच काळी माती, शेणखत व वाळू मिसळून भरला.

त्या दुपारी मी पुन्हा ठिबकचा व्हॉल्व्ह उघडायला निघालो, तेव्हा निंदणाला आलेल्या मावशींनी मला अडवले. ‘भाऊ, पाणी कायले देता जी? सकाळी त हे मस्त उभे रायते. तहान नाही ह्यायले.’ दुपारी मान टाकणारे रोप रात्रीतून सावरते, आणि दोन-तीन दिवसांनी सावरणे थांबते, हे लक्षण मी पुस्तकात अनेकदा वाचले होते. समोर दिसत असताना मात्र ते मला ओळखता आले नाही.

एक रोप उपटून मी जमिनीलगतचे खोड आडवे कापले. आत तपकिरी कडे दिसत होते. खोडाचा बोटभर तुकडा दोऱ्याने बांधून, त्याचे कापलेले टोक जेमतेम बुडेल असा, स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात लटकवला. मिनिटभर काहीच घडले नाही. मग कापल्या जागेतून दुधासारखी पांढरी, बारीक रेघ निघाली आणि उलट्या उदबत्तीच्या धुरासारखी संथपणे तळाकडे उतरू लागली. मावशी वाकून पाहत राहिल्या. ते जिवाणू होते, राल्स्टोनिया सोलानासिअरम. खोडातील पाणी वाहणाऱ्या नळ्या ते तुंबवतात, त्यामुळे मुळाशी पाणी असूनही शेंड्यापर्यंत पोहोचत नाही. मी आदल्या दिवशी मुळाशी ओतून केलेली बुरशीनाशकाची आळवणी अर्थातच वाया गेली होती, आणि वाढवलेल्या पाण्याने जिवाणू पुढच्या रोपांकडे नेण्याचेच काम केले होते.

हा मर रोग कोकणासारख्या आम्लधर्मी मातीतला, आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्याचे काय काम, अशा समजुतीत मी इतकी वर्षे होतो. मग वाफे मोजले. मलूल झालेली सतराही रोपे पहिल्या चार वाफ्यांत होती. पाचव्या वाफ्यातील बाराच्या बारा रोपे ताठ उभी होती. प्रयोगशाळेचा अहवाल माझ्याजवळ नव्हता, पण संशय घ्यायला एवढे पुरेसे होते.

संध्याकाळपर्यंत आजारी रोपे मुळांवरच्या मातीसकट पोत्यांत भरून बाहेर काढली, आणि विळे-कात्र्या ब्लीचच्या पाण्यात बुडवल्या. जमिनीत हा जिवाणू वर्षानुवर्षे टिकतो, आणि त्यावर खात्रीने चालणारे औषध नाही. पुढच्या वर्षी रोगाला दाद न देणाऱ्या निवडक जातीच्या वांग्याच्या खुंटावर या वाणांचे कलम करावे, असे मनाशी ठरवत होतो. तैवानमधील जागतिक भाजीपाला केंद्राने उष्ण व ओल्या हंगामासाठी ही पद्धत रुजवली आहे, आणि वांग्याची मुळे साचलेले पाणीही अधिक सोसतात. तिरका काप घ्यायचा, बारीक नळीने सांधा धरायचा आणि आठवडाभर दमट सावलीत ठेवायचे, इतकेच त्यात मुख्य काम.

हात धुताना आठवले की, वाफे भरण्याआधी त्याच ट्रकमधील माती मी पिशव्यांत भरून गिऱ्हाइकांना विकली होती. वहीत अकरा नावे निघाली. पहिला फोन त्रिमूर्तीनगरातील एका निवृत्त काकाजींना लावला आणि त्या मातीत काही लावले आहे का, असे विचारले.

‘वांगी लावली आहेत ना, चांगली वाढली जी,’ ते आनंदाने म्हणाले. ‘फक्त कालपासून दुपारी जराशी मलूल दिसतात. पाणी वाढवू का?’