तुपाची कॉफी आणि अडकलेला रिपोर्ट

रक्त द्यायला जाताना उपाशी म्हणजे फक्त पाणी, हे फोंड्यातल्या त्या लॅबच्या खिडकीवर कोणी सांगितलं असतं तर माझे आठ दिवस आणि तीन सकाळी वाचल्या असत्या.

मधुमेह नऊ वर्षांचा. डॉक्टरांना विचारूनच भात आणि पोई (गोव्याचा गव्हाचा पाव) कमी केली आणि तूप, खोबरं, काजू वाढवले. तीन महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.४ वरून ७.१ वर आलं. मला फार आनंद झाला. आता कोलेस्टेरॉल तपासा, असं डॉक्टर म्हणाले.

खिडकीवर विचारलं, "साखर घेतली नाही ना?" नाही, म्हटलं. खरंच नव्हती. सहा वाजता दोन मोठे चमचे तूप घातलेली बिनसाखरेची कॉफी घेतली होती आणि नऊला रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी "फाल्यां येयात", म्हणजे उद्या या. तिसऱ्या फेरीला हातात आला तो एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, रकाना रिकामा ठेवून! कारण विचारलं तर मशीनकडे बोट. मी तिथून हललोच नाही. शेवटी आतली तंत्रज्ञ बाई बाहेर आली आणि तिने दोन मिनिटांत उलगडा केला. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, दुधाळ होतं आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ४६० होती. तिथे एलडीएल मोजत नाहीत, सूत्राने काढतात आणि ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेली की ते सूत्र चालत नाही. तूप खाल्लं की काही तास ती रक्तात चढलेलीच असतात. इन्सुलिन नीट काम करत नसेल तर उतरायलाही वेळ लागतो. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का? अजूनही राग येतो.

बारा तास फक्त पाण्यावर राहून पुन्हा रक्त दिलं. ट्रायग्लिसराइड २१०, एलडीएल १४८. साखर उतरली तरी एलडीएल जास्तच आहे म्हणत डॉक्टरांनी तूप-खोबऱ्याला कात्री लावली. त्याऐवजी तारले मासे आणि शेंगदाणे.

एक सांगायचं राहिलं. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर भात कमी करण्याआधीच डोस विचारून घ्या. मला दुसऱ्याच आठवड्यात दुपारी घाम फुटून हात थरथरले होते, साखर ६२ पर्यंत घसरली होती. आणि पोईला लोणी फासून दोन तासांनी मोजलेल्या आकड्यावर विसंबू नका. चरबीमुळे पोट सावकाश रिकामं होतं, माझी साखर चौथ्या तासाला चढलेली सापडली.