जेटी दीड महिना आधीच पूर्ण!

मी कुडाळला एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग बघते. आमची कामं सगळी पाण्याच्या कडेची: जेट्या, धूपप्रतिबंधक बंधारे, खाडीवरचे लहान पूल. त्यांचे आराखडे, म्हणजे कुठलं काम कधी सुरू आणि कधी पूर्ण, बरीच वर्षं प्रोजेक्ट ऑनलाइनवर आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१३ साली आणलेली ही सेवा ३० सप्टेंबर २०२६ ला कायमची बंद होते आहे. नव्या ग्राहकांना ती १ ऑक्टोबर २०२५ पासूनच मिळेनाशी झाली.

मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सल्ला त्यांच्याच प्लॅनर या टूलकडे जाण्याचा. स्वतःचा सर्व्हर हवा असेल त्यांच्यासाठी प्रोजेक्ट सर्व्हर सबस्क्रिप्शन एडिशन आहे, पण त्यासाठी शेअरपॉइंट, म्हणजे मायक्रोसॉफ्टची कागदपत्रं आणि याद्या ठेवायची व्यवस्था, तिचा सर्व्हर सांभाळणारं माणूस लागतं. आमच्यासारख्या ऑफिसला ते झेपणारं नाही. साहेबांच्या मनात तिसरंच एक क्लाउड टूल भरलं होतं. स्वस्त, मोबाइलवर छान दिसणारं. म्हणून त्यावर चाचणी घ्यायची ठरली, आणि नमुन्याला घेतला देवगड तालुक्यातल्या एका जेटीचा आराखडा. हे काम येत्या ऑक्टोबरात सुरू व्हायचंय.

फाइल चढली. टास्कची संख्या जुळली, एकमेकांना जोडलेल्या कामांचे बाणही आले. आयटीवाल्या मुलाने पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला. पहिला टप्पा आमच्या हिशेबाने मेच्या पहिल्या आठवड्यात संपत होता, इथे तो मार्चच्या मध्यावरच संपलेला. साहेब खूश झाले. दीड महिना वाचला म्हणजे बार्ज, क्रेन, माणसं, सगळ्याचं भाडं वाचलं.

साइटचे मुकादम त्या दिवशी हजेरीपत्रकं घेऊन आले होते. त्यांनी चष्मा लावून खालचा दुसरा टप्पा वाचला. तो पावसाळ्यानंतर सुरू व्हायचा, पण पहिला टप्पा अलीकडे सरकल्यामुळे एप्रिलमध्येच सुरू होऊन जुलैभर चालला होता. ते म्हणाले, "मॅडमांनू, आषाढात दर्यात काँक्रीट कोण घालतलो?"

मी तिथेच बाजूच्या संगणकावर मूळ फाइल उघडली आणि 'पाईल कॅप, खालचा थर' हे एकच काम दोन्हीकडे शेजारी शेजारी ठेवलं. पाईल कॅप म्हणजे पाण्यातल्या खांबांच्या डोक्यावरचा काँक्रीटचा ठोकळा. हा थर पाण्याच्या पातळीजवळ येतो. शटरिंग, म्हणजे फळ्यांचा साचा, लावून काँक्रीट घालायला पाणी पुरेसं उतरावं लागतं, आणि ते उतरतं अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत. तेव्हा भरती मोठी असते तशी ओहोटीही खोल जाते. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, पाणी फारसं हलतच नाही. त्या दिवसांत तिथे शटरिंगची फळी लावता येत नाही. शिवाय ओहोटीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे जाते, म्हणजे आज सकाळी मिळालेला वेळ चार दिवसांनी दुपारी मिळणार. मुकादम हे सगळं तिथीची पाऊणपट करून तोंडी सांगतात. मी ते भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घेऊन जुन्या टूलमध्ये वेगळं कॅलेंडर करून ठेवलं होतं: कुठले दिवस कामाचे, कुठले नाहीत, आणि जून ते सप्टेंबर पूर्ण बंद. म्हणून मूळ फाइलमध्ये चार दिवसांचं काम एका अमावास्येला सुरू होऊन पुढच्या पौर्णिमेला संपत होतं.

नव्या टूलमध्ये टास्क आली, कॅलेंडर आलंच नाही. त्याने सोमवार ते शनिवार सगळे दिवस कामाचे धरले. कुठेही लाल खूण नाही, चूक झाल्याचा संदेश नाही. मला धास्ती वाटली ती याचीच. तारीख पुढे गेली असती तर कोणीतरी विचारलं असतं. अलीकडे आलेली तारीख कोण तपासतो? त्या तारखेवर उद्या बार्जचा करार झाला असता.

मग मी साहेबांना तिथेच दुसरी गोष्टही दाखवली. चालू आणि झालेल्या कामांची बेसलाइन, म्हणजे सुरुवातीला मंजूर झालेल्या तारखा, आपल्याला मुदतवाढ मागताना लागतात. चक्रीवादळाच्या इशाऱ्याने काम थांबलं, तर हिंड्रन्स रजिस्टरमधली, म्हणजे काम अडल्याच्या वहीतली, नोंद आणि बेसलाइन शेजारी ठेवूनच दंड माफ करा म्हणता येतं. बेसलाइन फाइलमध्ये उतरते. पण मंजूर टाइमशीट, म्हणजे कोणी किती तास काम केलं त्याच्या नोंदी, फाइलमध्ये नसतात, त्या सर्व्हरवर असतात. जोखमीच्या आणि अडचणींच्या याद्या प्रत्येक कामाच्या शेअरपॉइंट साइटवर. त्या आत्ताच वेगळ्या काढून घेतल्या नाहीत तर ३० सप्टेंबरनंतर त्यांची आशा धरू नये. लायसन्सच्या दरावर आमच्या तीन बैठका झाल्या होत्या, या नोंदींचं नावही निघालं नव्हतं. मला हे मनापासून खटकतं. उन्हात उभं राहून माणसांनी केलेल्या कामाचा तो एकमेव लेखी पुरावा आहे.

साहेबांनी ऐकून घेतलं, मुकादमांना खुर्ची दिली आणि चहा मागवला. संध्याकाळपर्यंत ठरलं ते असं. पाण्यातल्या कामांचे आराखडे डेस्कटॉपवरच्या, म्हणजे संगणकावर बसवलेल्या मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्येच ठेवायचे. तो बंद होत नाही आणि त्यात कॅलेंडर शाबूत राहतं. रोजची कामं, फोटो, कोण काय करतंय, हे नव्या टूलवर. खाडीत रेंज जाते, म्हणून पंधरवड्याचा छापील तक्ता पूर्वीसारखाच साइटवर लागेल, तिथीसकट. टाइमशीट ओडेटा फीडमधून, म्हणजे सर्व्हरवरची माहिती बाहेर काढायच्या वाटेने, एक्सेलमध्ये उतरवायला दुसऱ्या दिवशीच सुरुवात केली, जुन्या कामांपासून.

सेवा बंद होते त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमचा हंगाम सुरू. त्यामुळे सगळी हलवाहलव जून ते ऑगस्टमध्ये, साइट बंद असताना उरकायची आहे. आणि कुठलाही आराखडा नव्या जागी गेला की त्याच्या तारखा आधी मुकादम वाचणार, मग साहेबांकडे सहीला जाणार.