दहा टक्क्यांची कांडी पुन्हा मोडली, पाचाची टिकली

वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कठीण कण मिसळून जास्त मजबूत कांडी ओतायची, हा माझा खटाटोप. चौथी ओतणी रविवारी मोडली आणि दोन दिवस भट्टीकडे फिरकावंसंच वाटेना. 8 मिलिमीटरची कांडी, दोन टेकूंमध्ये 100 मिलिमीटरचा गाळा, तरफेला तीच रेतीची बादली. ए356ची, म्हणजे सिलिकॉनवाल्या ओतीव अॅल्युमिनियमची, साधी कांडी 41 किलोला वाकली होती. 10 टक्के सिलिकॉन कार्बाइडवाली 33 किलोलाच तटकन तुटली. कण घालून धातू कमजोर झाला!

तुटलेलं तोंड भिंगाखाली धरलं. कण पसरलेच नव्हते; करड्या गुठळ्या आणि त्यांच्या पोटात पोकळ्या. पाण्यात वजन करून घनता काढली : 2.58. हिशेबाने 2.72 हवी, म्हणजे पाच टक्के नुसती पोकळी. धातूने कणाला घट्ट धरलं तरच भार कणावर जातो. सुट्या गुठळीत तो जातच नाही, उलट भेग तिथूनच फुटते.

या वेळी कार्बाइडची 220 ग्रिटची पूड (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका कण बारीक) 900 अंशांवर दोन तास भाजली. वर सिलिकाचा पातळ थर येतो, त्याला वितळलेल्या धातूचा रस चिकटतो. जोडीला 1 टक्का मॅग्नेशियम. पण खरी किमया ढवळण्यात होती. आधी मी पातळ रसात भोवरा करून पूड टाकायचो. ती वर तरंगायची आणि भोवरा हवा आत ओढायचा. आता रस 600 अंशांच्या खाली आणला, श्रीखंडासारखा दाटल्यावर चिमूट चिमूट पूड सोडली. दाट रसातून कण निसटत नाही. मग 720ला नेऊन पुन्हा ढवळलं आणि ओतलं. 5 टक्क्यांची कांडी 47 किलोपर्यंत टिकली! घनता 2.67. रात्री दोनदा उठून तिला हातात घेतलं.

म्हापशाच्या भंगारातलं अलॉय व्हीलच घ्या, डबे नकोत. त्यातलं सात टक्के सिलिकॉन कणांवर ठिसूळ अॅल्युमिनियम कार्बाइड धरू देत नाही. आणि ऑनलाइन पूड मागवाल तर पाकीट आधी उघडून बघा. माझं ओलं निघालं.

पुढे 400 ग्रिट, 10 टक्के असं ठरलं होतं. पण हे लिहितानाच डोक्यात आलं : पोकळ्यांसाठी डिचोलीच्या पावसाला मी उगाच दोष देत होतो. माझ्या भट्टीत एलपीजी जळताना पाण्याची वाफ होते, ती थेट रसाच्या तोंडावर. त्यातला हायड्रोजन रस पितो आणि गोठताना छिद्रांच्या रूपाने सोडतो. म्हणून 400 ग्रिट थांबलं. चवथीआधी विजेच्या कॉइलची भट्टी बांधायची, आणि हीच 5 टक्क्यांची कांडी तिच्यात पुन्हा ओतायची. कुणाकडे जुनी कॉइल पडून असेल तर सांगा.