थांबायचं सामान

पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर राहिलेली गाडी सकाळी पहिल्या ब्रेकला खर्रर्र करतेच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी तबकडी, म्हणजे डिस्क, तिच्यावर रात्रीत चढलेला तांबूस गंज असतो तो, चार ब्रेकात पुसला जातो. पण दात शिवशिवतील अशी एक बारीक किंचाळी असते ना, ती वेगळी. ब्रेक मारला की डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबतात ते ब्रेक पॅड, त्यातल्या बऱ्याच पॅडला एक छोटी पत्र्याची पट्टी असते, पॅड झिजत शेवटाला आलं की ती डिस्कला घासते आणि बोंबलायला लागते. मला ही पट्टी जाम आवडते. ना सेन्सर, ना वायर, नुसता पत्रा, आणि तरी अख्ख्या वाड्याला कळतं की ह्याचे पॅड संपले!

गाडीतले बाकीचे पार्ट झिजू नयेत म्हणून आपण ऑइल घालतो, ग्रीस घालतो, आणि ब्रेक पॅड हा असा पार्ट की जो झिजला नाही तर काम करत नाहीये असं समजायचं. नवा असताना साधारण दहा मिलिमीटर मसाला (पॅडवरचा झिजणारा थर), तीनवर आला की काढून टाकायचा. त्यात पुढचे आधी जातात कारण ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि जास्त काम पुढच्या चाकांवरच पडतं. बेळगावहून गोव्यात येणाऱ्या चोर्ला घाटातून केरीकडे उतरताना गियर न पाडता नुसता ब्रेकवर पाय ठेवून येणारे लोक मी बघतो तेव्हा मला त्यांच्या पॅडची दया येते. उताराची ही भानगड पहिल्या गाडीपासूनची आहे, 1888 साली जर्मनीत, गाडी बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन त्याच्या गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली तेव्हा वाटेत लाकडी ब्रेक झिजले, तर बाईने सरळ चांभार गाठला आणि त्यावर चामडं ठोकून घेतलं. म्हणजे ब्रेकला लायनिंग, म्हणजे झिजायचा थर, लावायची आयडिया रस्त्यातच सुचलेली, वर्कशॉपमध्ये नाही.

पॅड घरी बदलायचे म्हटलं की खरं काम पॅडचं नसतंच, ते असतं गाडी नीट उचलून ठेवायचं. आपल्याकडची लाल माती पावसात अशी मऊ होते की जॅक वर जायच्या ऐवजी खाली जातो, म्हणून खाली जाड फळी पाहिजे. हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकाला चिरा (घर बांधायचा जांभा दगड) लावायचा, नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे. पण तोच चिरा गाडीखाली टेकू म्हणून कधीच नाही, चिरा घर धरून ठेवतो पण असा एका जागी भार आला तर फुटतो, तिथे जॅक स्टँडच (उचललेली गाडी पेलणारा लोखंडी टेकू) हवा आणि वर सेफ्टी म्हणून काढलेलं चाक आडवं आत सरकवून ठेवायचं. एवढं होईपर्यंत शेजारचे भाई गेटवर येऊन "गाडी मेस्ताकडे कित्याक व्हरना रे?" (मेस्त्रीकडे का नेत नाहीस?) विचारून जातात, उत्तरासाठी थांबत नाहीत.

पुढचं झटपट. पॅड ज्यात बसतात तो डिस्कवरचा चिमटा म्हणजे कॅलिपर, बहुतेक छोट्या गाड्यांत त्याचा खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वर उचलला जातो, जुने पॅड बाहेर, मग पॅडला ढकलणारा आतला पिस्टन सी-क्लॅम्पने (स्क्रू आवळायच्या शिकंज्याने) हळूहळू मागे दाबायचा. कॅलिपर पूर्ण काढावा लागला तर तो पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेने बांधायचा. पिस्टन मागे जाताना वर टाकीत ब्रेक ऑइल चढतं त्यावर नजर ठेवा, ते सांडलं तर रंग खातं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि गोव्याच्या हवेत पाण्याला काय तोटा, म्हणून झाकण उगाच उघडं ठेवू नये. धूळ तोंडाने फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. सगळं बसवून झालं की स्टार्टर मारायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करायचं, नाहीतर पहिला ब्रेक मारताच पेडल सरळ खाली जाईल आणि गेट समोरच आहे.

नवे पॅड लगेच नीट धरत नाहीत, डिस्कवर बसावे लागतात. पन्नासच्या स्पीडवरून दहावर आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थोडं गार होऊ द्यायचं, असं आठ-दहा वेळा. ह्यासाठी मोकळा रस्ता लागतो आणि त्या बाबतीत आपण नशीबवान, दुपारी जेवून सगळा गाव झोपलेला असतो, दोन ते चार गावच्या रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही. फक्त गुरं असतात, पावसात त्यांना डांबराची कोरडी जागा बरी वाटते, आणि ती हॉर्नला काय उठत नाहीत, त्यामुळे "पूर्ण थांबायचं नाही" हा नियम पाळायचा तर आधी त्यांना विचारावं लागतं.