ऑस्करला सोबती निवडताना

ऑस्कर हा शोभेचा मासा पाळू लागलेला जवळजवळ प्रत्येकजण पहिला प्रश्न विचारतो तो असा, की याच्यासोबत दुसरा कोणता मासा राहील. मी उत्तराची सुरुवात टाकीपासून करतो. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा मासा नीट खायला मिळाले तर वर्षभरात वीतभर होतो, पुढे 30 ते 35 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितक्याच उंच टाकीत सुमारे 250 लिटर पाणी मावते, आणि ही एकट्या ऑस्करची किमान गरज आहे. सोबती हवे असतील तर सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद टाकी लागते. तेवढी जागा घरात नसेल तर ऑस्कर एकटाच ठेवावा. तो एकटा उत्तम राहतो आणि खाऊ घालणाऱ्या माणसाला ओळखूही लागतो.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातील हा सिक्लिड (गोड्या पाण्यातील माशांच्या एका मोठ्या कुळातला मासा) भांडखोर म्हणून प्रसिद्ध असला, तरी त्याच्या दांडगाईची कारणे मोजकीच आहेत. जे तोंडात मावते ते तो गिळतो, जो कोपरा आपला मानतो तो राखतो आणि अंडी घातल्यावर कोणालाही जवळ फिरकू देत नाही. त्यामुळे निऑन टेट्रा, गप्पी किंवा लहान एंजल त्याच्यासोबत सोडणे म्हणजे त्याला महागडा खाऊ देणे होय. सोबती त्याच्या तोंडात न मावणारा, चपळ आणि शक्यतो पाण्याच्या वेगळ्या थरात वावरणारा असावा. सिल्व्हर डॉलरचा पाच-सहांचा थवा मला सर्वांत योग्य वाटतो, कारण हे मासे उंच, चपटे आणि वेगवान असतात आणि ऑस्करचे लक्ष कोणा एकावर खिळून राहत नाही. टिनफॉइल बार्ब आणि सेव्हरमही चालतात. मात्र सिल्व्हर डॉलर घेताना डोळे उघडे ठेवावेत, कारण त्याच्यासारखेच दिसणारे पाकूचे पिल्लू अनेकदा गळ्यात मारले जाते, आणि हा पाकू म्हणजे मासळी बाजारात रूपचंद नावाने मिळणारा मासा असून तो दोन फुटांच्याही पुढे वाढतो.

टाकी साफ ठेवतो म्हणून हमखास विकला जाणारा सकर मासा मला फारसा पटत नाही. तो स्वतः फूट-दीड फूट वाढतो, भरपूर विष्ठा करतो आणि लहान असताना ऑस्करने तो गिळायचा प्रयत्न केला तर त्याचे काटेरी पर घशात अडकून दोघांचाही जीव जाऊ शकतो. नकोसा झालेला सकर तळ्यात सोडला की तो तिथे बेसुमार पसरतो, हे कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ भागात आणि दक्षिणेतील अनेक तलावांत दिसतेच आहे. भाग्य उजळावे म्हणून आणल्या जाणाऱ्या फ्लॉवरहॉर्नबद्दल तर चर्चाच नको. मलेशियात 1990 च्या दशकात संकरातून तयार झालेला हा मासा एकटाच ठेवावा.

प्रत्येक नवा सोबती पाण्यातील घाण वाढवतो, त्यामुळे सोबत्यांचा प्रश्न शेवटी फिल्टरपाशी येऊन थांबतो. या घाणीतून तयार होणारे अमोनिया आणि नायट्राइट शून्य असावेत, नायट्रेट 40 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 40 भाग) खाली असावे आणि त्यासाठी दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी, क्लोरीन काढून, बदलावे. वीज वारंवार जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावाच, कारण फिल्टर काही तास बंद पडला की त्यातील उपयुक्त जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. तापमान 24 ते 28 अंश सेल्सियस पुरेसे असल्यामुळे मुंबईत हीटर क्वचितच लागतो, पण पुण्या-नाशिकच्या थंडीत तो हवा, आणि त्यावर जाळीचे आवरणही हवे, कारण ऑस्कर टाकीतील वस्तू हलवतो, ढकलतो आणि प्रसंगी फोडतो.

डोक्यावर आणि शरीराच्या बाजूच्या रेषेवर खळगे पडू लागले की बहुतेकजण थेट औषधाच्या बाटलीकडे वळतात. या रोगामागे घाण पाणी, एकसुरी आहार आणि आतड्यातील परजीवी अशी कारणे सांगितली जातात, म्हणून आधी पाणी तपासावे आणि मग आहार. जिवंत गोल्डफिश खाऊ घालण्याची हौस तर पूर्णपणे सोडावी, कारण त्यांच्यातील थायामिनेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) ब-1 जीवनसत्त्व नष्ट होते आणि त्यांच्यासोबत रोगही टाकीत येतात. चांगल्या दर्जाच्या गोळ्या हा मुख्य आहार ठेवून अधूनमधून कोळंबी किंवा गांडूळ द्यावे.

सर्व मासे लहान असतानाच एकत्र सोडणे सर्वांत सोपे असते. नंतर एखादा आणायचाच असेल तर तो दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा, मुख्य टाकीतील दगड-ओंडक्यांची मांडणी बदलून जुन्या हद्दी मोडाव्यात आणि दिवे मालवून त्याला आत सोडावे. दोन ऑस्करांची जोडी जमून सपाट दगडावर अंडी पडली, तर जुने सोबतीही मार खातात. अशा वेळी भोके पाडलेला ॲक्रिलिकचा दुभाजक टाकीत घालून जोडीला एका बाजूस ठेवावे आणि पिल्ले दुसरीकडे हलवल्यावरही तो लगेच काढू नये.