सिमेंटचा जीएसटी उतरला, अपडेट आलं आणि पुढचे हिशेब

सांगलीत मी एस्टिमेटची, म्हणजे बांधकामाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकाची, कामं करते. बांधकाम घेत नाही, नकाशे मंजूर करून देत नाही. मोजमापं, रेट अ‍ॅनालिसिस (प्रत्येक कामाच्या दराची फोड) आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट (परिमाण गुणिले दर असा खर्चाचा गोषवारा) एवढंच. माझ्याकडे तीन प्रकारची माणसं येतात: स्वतःचं घर बांधणारी, चार-पाच मजली इमारती उभारणारे लहान बिल्डर आणि सरकारी टेंडर भरणारे ठेकेदार. काम मी एका सॉफ्टवेअरवर करते. वर्षाची वर्गणी भरायची, त्यात दरांची लायब्ररी मिळते आणि अधूनमधून अपडेट येतात. बहुतेक अपडेट मी न वाचताच चालू करते, तसं केल्याने आजवर काही बिघडलंही नव्हतं. हे एक मात्र नीट वाचायचं ठरवलं, कारण ते पैशाबद्दल होतं.

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीत दर बदलायचं ठरलं. सिमेंट २८ टक्क्यांवरून १८ वर, लागू २२ सप्टेंबरपासून. नेमकी त्या दिवशी घटस्थापना होती. मधले दिवस पितृपक्षाचे, त्यामुळे आमच्याकडे तसंही कोणी नवं काम काढत नाही. एरवी भाद्रपद संपायची वाट बघणारे लोक या वेळी भाद्रपद आणि जीएसटी दोन्ही संपायची वाट बघत बसले. फोन मात्र थांबले नाहीत. तासगावकडचे एक निवृत्त शिक्षक, ज्यांच्या घराचं एस्टिमेट मी उन्हाळ्यातच दिलं होतं, त्यांनी विचारलं, "ताई, सिमेंट दहा टक्क्यांनी उतरलं. मग आपल्या एकवीस लाखांतले दोन लाख गेले ना?"

मी म्हटलं, "सर, दोन दिवस द्या. आकडे काढून सांगते."

तेवढ्यात सॉफ्टवेअर कंपनीचा मेल आला. वर झेंडूच्या फुलांचं चित्र, खाली 'सणाची भेट' आणि त्याखाली चार ओळी: दर लायब्ररी अद्ययावत, सिमेंटवर नवा जीएसटी लागू, रिकॅप टेम्प्लेटमध्ये (शेवटी कर चढवायच्या पानात) सुधारणा, मोजमाप मॉड्यूलमध्ये सुधारणा. चौथ्या ओळीत नेमकं काय सुधारलं हे लिहिलेलं नव्हतं. मला पहिल्या तीन ओळींपेक्षा तीच जास्त खटकली.

अपडेट चालू करण्याआधी मी काय केलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. ज्यांना एस्टिमेट देऊन झालं होतं, त्यांच्या पीडीएफ वेगळ्या फोल्डरमध्ये टाकल्या. चालू कामांच्या फाइलींच्या प्रती काढल्या. प्रत्येकाचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट एक्सेलमध्ये उतरवून घेतला. मग फक्त सरांच्या घराच्या प्रतीवर अपडेट लावलं आणि जुना-नवा अ‍ॅबस्ट्रॅक्ट शेजारी शेजारी ठेवला. दर बदलणार हे माहीतच होतं, म्हणून आधी दराचा रकाना बघितलाच नाही. आधी परिमाणं बघितली. दराच्या अपडेटमध्ये परिमाण तसूभरही हलता कामा नये.

ते हललं होतं. प्लास्टर चोवीस चौरस मीटरने वाढलं होतं.

आयएस १२०० हे बांधकामाची मोजमापं कशी घ्यायची याचं भारतीय मानक. त्याच्या भाग १२ मध्ये प्लास्टरच्या कपातीचे, म्हणजे दार-खिडक्यांची जागा मापातून वजा करण्याचे, नियम आहेत. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या भागाची कपात करायची नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या दार-खिडक्यांची कपात एकाच बाजूची करायची. दुसऱ्या बाजूची कपात होत नाही, पण त्याच्या बदल्यात खिडकीच्या आतल्या कडांचं प्लास्टर, ज्याला आपण जांब म्हणतो, ते वेगळं धरायचं नाही. तीन चौरस मीटरच्या वर गेलं की दोन्ही बाजू वजा आणि जांब वेगळे मोजायचे. शहाणा नियम आहे. साइटवर प्रत्येक खिडकीचे जांब टेपने मोजत बसायला नको म्हणून केलेली तडजोड आहे ती.

पण सरांच्या घरात मी दोन्ही बाजू वजा करून जांब वेगळे धरले होते. त्यांचा गवंडी तसंच मोजतो आणि पैसे त्यालाच द्यायचे आहेत. अपडेटने आयएस १२०० चा नियम आपणहून सगळ्या फाइलींना लावला. आठ खिडक्या १.२ बाय १.२ च्या, म्हणजे ११.५२ चौरस मीटर. सहा दारं १ बाय २.१ ची, म्हणजे १२.६. एका बाजूची कपात गेली, माझे जांब तसेच राहिले आणि तेच प्लास्टर दोनदा मोजलं गेलं. चौरस मीटरला तीनशे रुपये धरले तरी सात हजारांच्या वर.

मदत कक्षाला फोन लावला. पलीकडचा मुलगा अदबीने बोलणारा होता.

"मॅडम, आयएस १२०० प्रमाणेच केलंय."

"आयएस १२०० बरोबरच आहे. पण माझ्या जुन्या फाइलला तो लावायचा की नाही, हे मला विचारायला नको का?"

थोडा वेळ शांतता. मग, "मॅडम, सेटिंगमध्ये जाऊन प्रोजेक्टनिहाय बंद करता येतं." आणि येतं खरंच. फक्त ते सेटिंग तीन पानं आत आहे आणि त्याचं नाव 'प्रगत' आहे. ते बंद केल्यावर प्लास्टर जाग्यावर आलं.

आता दर.

हिशेबाला सोपं जावं म्हणून बॅगेचा करापूर्वीचा दर २८० रुपये धरू. २८ टक्क्यांनी ती ३५८ रुपये ४० पैशांना पडत होती, १८ टक्क्यांनी ३३० रुपये ४० पैशांना पडते. फरक २८ रुपये. कर दहा टक्क्यांनी उतरला तरी गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणारी रक्कम ७.८ टक्क्यांनीच उतरते, कारण तुलना जुन्या करासकटच्या किमतीशी करायची असते. हे एक वाक्य मी त्या महिन्यात इतक्या जणांना सांगितलं की शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच ठेवलं.

हे २८ रुपये कुठे कुठे झिरपतात? एम २० प्रतीचं एक घनमीटर काँक्रीट घ्या, सिमेंट-वाळू-खडीचं प्रमाण १:१.५:३. कोरड्या मालाचं आकारमान १.५४ घनमीटर, भागिले प्रमाणाची बेरीज ५.५, म्हणजे ०.२८ घनमीटर सिमेंट. गुणिले १४४० (घनमीटरभर सिमेंटचं किलोतलं वजन), साधारण ४०३ किलो, आठ बॅगा. म्हणजे घनमीटरला २२४ रुपये वाचतात. बारा मिलिमीटर जाडीच्या १:४ प्लास्टरला चौरस मीटरमागे जेमतेम तीन-साडेतीन रुपये. सरांचं घर ११०० चौरस फुटांचं. चौरस फुटाला ०.४ बॅग हा आपल्याकडचा ढोबळ हिशेब धरला तर ४४० बॅगा. एकूण बचत १२,३२० रुपये. एकवीस लाखांवर अर्ध्या टक्क्याहून जरा जास्त. लोखंडावर आधीही १८ टक्के होते, आताही १८. टाइल्सचंही तेच. मजुरीला तर या बातमीशी देणंघेणंच नाही.

सॉफ्टवेअरने बचत दाखवली ती यापेक्षा थोडी कमी. शोधलं तर वॉटरप्रूफिंग आणि ओट्याचं काम मी ठोक दराने भरलं होतं. ठोक दराच्या पोटात सिमेंट असतं, पण लायब्ररीला ते दिसत नाही. लायब्ररीला फक्त पृथक्करण केलेल्या, म्हणजे मालाची फोड मांडलेल्या, आयटममधलं सिमेंट कळतं. ते आयटम मी तसेच ठेवले; त्या माणसाने त्याचा दर उतरवला नव्हता, मग मी कागदावर कशाला उतरवू?

सरांना फोन केला. "बारा हजार," मी म्हटलं. ते जरा खट्टू झाले, मग म्हणाले, "बारा तर बारा. पण ते दुकानदार देतोय का?" हा प्रश्न बरोबर होता. त्यांना सांगितलं की २२ नंतरच्या बिलावर कर किती लावलाय ते बघा आणि करापूर्वीचा दर आधीच्या बिलाशी ताडून बघा. दुसरा आकडाच महत्त्वाचा. पहिला कायद्याने बदलतो, दुसरा दुकानात.

बिल्डरच्या फाइलीत वेगळीच गंमत. त्यांची इमारत पार्किंग अधिक चार मजले, सगळं काँक्रीट आरएमसी, म्हणजे प्लांटवरून तयार येणारं. लायब्ररीत आरएमसीचं पृथक्करण सिमेंट, खडी, क्रश सँड, अ‍ॅडमिक्श्चर असं केलेलं होतं. अपडेटने त्यातल्याही सिमेंटचा दर उतरवला आणि एम २५ घनमीटरला दोनशेच्या आसपास स्वस्त दाखवलं. पाचशे घनमीटरच्या कामात लाखाच्या जवळपासची बचत! स्क्रीनवर आकडा छान दिसत होता.

प्रत्यक्षात ती बचत नाहीच. आरएमसी प्लांटवाला सिमेंटवर भरलेल्या कराचं क्रेडिट घेतो, म्हणजे तो कर स्वतःला भरायच्या करातून वजा करतो. त्याच्या दृष्टीने सिमेंट पूर्वीही २८०चं होतं आणि आताही २८०चंच. त्याच्या बिलावर १८ टक्के लागत होते, तेही तसेच. मग तो दर का उतरवेल? प्लांटला फोन करून विचारलं तर अपेक्षित उत्तर आलं: "मॅडम, आमच्या दरात काही बदल नाही." पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटच्या पाइपांचंही हेच. त्यांच्यावर आधीपासून १८ टक्के आहेत.

बिल्डरला मात्र स्वतःला हे क्रेडिट मिळत नाही. १ एप्रिल २०१९ पासून निवासी फ्लॅटवर ५ टक्के, परवडणाऱ्या घरांवर १ टक्का, आणि खरेदीवरच्या कराचं क्रेडिट नाही. त्यामुळे विटकाम, प्लास्टर, फरशीखालचा माल यासाठी जे सिमेंट बॅगेने येतं तेवढ्यापुरती त्यांची बचत खरी. मी आरएमसीचं पृथक्करण काढून टाकलं, तिथे प्लांटचं कोटेशन भरलं आणि फक्त बॅगेच्या सिमेंटवर नवा दर ठेवला. लाखाचा आकडा गेला. बिल्डरने बराच वेळ कागद उलटसुलट केला, मग म्हणाले, "म्हणजे प्लास्टरवाल्याचं नशीब."

ठेकेदारांचं प्रकरण त्याहून सोपं असायला हवं होतं. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या एसएसआरमधले, म्हणजे सरकारी दरसूचीतले, दर जीएसटी वगळून असतात. अ‍ॅबस्ट्रॅक्ट झाला की रिकॅपमध्ये जीएसटी आणि १ टक्का कामगार कल्याण उपकर असे आकडे वेगळे चढतात. सिमेंटचा कर उतरला म्हणून एसएसआरच्या आयटमला हात लावायचं कारणच नाही. आणि ठेकेदार स्वतः नोंदणीकृत, त्याला क्रेडिट मिळतं. त्याचा खर्च बदलत नाही, फक्त खरेदीच्या वेळी अडकणारी रोकड थोडी कमी होते. हातात पैसा खेळता ठेवणाऱ्या माणसाला तेही थोडं नसतं म्हणा. पण बी-१ टेंडर (ज्यात सरकारी अंदाजापेक्षा किती टक्के वर किंवा खाली काम करू हे भरायचं असतं) भरताना टक्केवारी ठरवायला बसलेल्या एका ठेकेदाराने मला 'सिमेंट स्वस्त झालंय, अजून दोन टक्के खाली जाऊ का' असं विचारलं, तेव्हा मी त्यांच्या आतल्या रेट अ‍ॅनालिसिसची फाइल मागितली. त्यात सिमेंट करासकट ३५८चं होतं आणि वर पुन्हा १८ टक्के. म्हणजे कर दोनदा. त्यांनी ते सांभाळून राहण्यासाठी मुद्दाम ठेवलं होतं, अनेक जण ठेवतात. अपडेट लावलं तर ही गादी आपोआप पातळ होते आणि माणसाला वाटतं खर्च कमी झाला. दोन टक्के खाली जाऊ नका, एवढंच सांगितलं.

एका बाबतीत कंपनीला शाबासकी द्यायला हवी, ती म्हणजे रिकॅप टेम्प्लेट. सरकारी कामात ज्याच्यात पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त मातीकाम असतं, त्याला आधी १२ टक्के लागत होते. त्याच बैठकीत ते १८ झाले. सिमेंटच्या बातमीच्या गदारोळात हे बहुतेकांच्या कानावर गेलंच नाही. कालव्याच्या खोदकामाचं चाळीस लाखांचं काम असेल तर एका फटक्यात दोन लाख चाळीस हजारांनी रिकॅप वाढतो. नव्या टेम्प्लेटमध्ये मातीकामाचं प्रमाण आयटमवरून आपोआप काढलं जातं आणि कराचा दर त्यापुढे येतो. मी एका पाझर तलावाच्या फाइलीवर तपासलं, बरोबर होतं. असलं काम चार ओळींच्या मेलमध्ये 'टेम्प्लेटमध्ये सुधारणा' एवढंच लिहून का संपवतात, देव जाणे.

मदत कक्षातल्या त्या मुलाला मी दोन्ही गोष्टी लिहून पाठवल्या: प्लास्टरची कपात आणि आरएमसी. नंतरच्या आवृत्तीत जुनी फाइल उघडली की 'नवे कपात नियम लावायचे का?' असा प्रश्न येतो आणि 'नाही' हा पर्याय आधीच निवडलेला असतो. आरएमसीचं अजून तसंच आहे. माझ्या लायब्ररीत मात्र आता सिमेंटच्या दोन ओळी आहेत, एक करासह आणि एक करावेगळी, आणि प्रत्येक फाइल सुरू करताना ग्राहकाला क्रेडिट मिळतं की नाही हे विचारून त्यातली एक लावते. आरएमसीच्या आयटमखाली सिमेंट नाहीच. तिथे प्लांटचा दर आणि शेऱ्यात कोटेशनची तारीख.