लग्नाच्या डिस्का संगणकावर: व्हीसीडी संपल्या, डीव्हीडी चालू

घरच्या लग्नाच्या जुन्या डिस्का संगणकावर उतरवतोय, त्यातला व्हीसीडीचा गठ्ठा संपला एकदाचा. मंडळी, व्हीसीडी डीव्हीडीसारखी सरळ उतरत नाही. जास्त मिनिटं बसावीत म्हणून तिच्या चित्राच्या सेक्टरांत (डिस्कवरच्या माहितीच्या छोट्या तुकड्यांत) चुका दुरुस्त करणारा एक थर गाळलेला असतो. लिनक्सवर तिच्यातली डॅट, म्हणजे व्हिडिओची फाइल साधी कॉपी करायला गेलं की एरर येतो. मी व्हीसीडीएक्सरिप या प्रोग्रॅमनं एमपेग व्हिडिओ फाइली काढून घेतल्या. चित्र ३५२ बाय २८८चंच; ताणून मोठं करण्यात अर्थ नाही.

डीव्हीडीचं दुखणं निराळं. परभणीचा उन्हाळा, वर पत्रे आणि लोखंडी कपाट. डीव्हीडी-आरमधला, म्हणजे ड्राइव्हवर लिहिलेल्या डीव्हीडीतला रंगाचा थर उष्णतेनं आणि उजेडानं खराब होतो, आणि बहुधा बाहेरची कड आधी जाते. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. म्हणजे हळदीचा धिंगाणा शाबूत, अन् आत्याची पाठवणी नेमकी कडेला!

म्हणून आधी पूर्ण डिस्कची आयएसओ (हुबेहूब नकलेची एकच फाइल) काढायची, रूपांतराचं नंतर बघू. डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रॅमला सेक्टर २०४८ बाइटचा सांगायचा आणि मॅपफाइल द्यायचीच द्यायची. कुठले सेक्टर वाचले, कुठले राहिले याचा हिशेब तिच्यात राहतो. आमच्याकडं लाइट कधी जाईल याचा नेम नाही, पण आली की काम तिथूनच पुढं. आणखी एक फायदा: लॅपटॉपच्या ड्राइव्हनं जे सोडलं, ते पूर्णेहून भावजींचा जुना डेस्कटॉप आणून त्याच मॅपफाइलवर चालवलं. पाठवणीचा बराच भाग भरून निघाला. प्रत्येक ड्राइव्हचा डोळा वेगळा असतो, हे खरंच.

भरलेल्या डिस्कची आयएसओ ४.७ जीबीच्या आसपास होते. एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, तो एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करून घ्या. व्हीएलसी प्लेअरमध्ये आयएसओ तशीच चालते.

टीव्हीसाठी हँडब्रेक या प्रोग्रॅममधून एच२६४ प्रकारचा व्हिडिओ करतोय. आपलं शूटिंग पाल या टीव्ही पद्धतीचं, सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं. वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना आडव्या रेघा दिसतात. डीइंटरलेस या रेघा काढायच्या सेटिंगला बॉब हा पर्याय लावला की रेघाही जातात आणि हालचाल ५० फ्रेमनं गुळगुळीत राहते. शूटिंगवाल्यानं घातलेल्या बदामाच्या चौकटी मात्र कशानंच जात नाहीत. आयएसओ पुसायची नाही, ती वेगळ्या हार्डडिस्कवर.

मामांच्या हँडीकॅमच्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्का उरल्यात. त्यांतल्या काही फायनलाइज केलेल्या (लिहून झाल्यावर बंद केलेल्या) नाहीत, संगणक त्या कोऱ्याच समजतो. मामा कॅमेऱ्याचा चार्जर शोधतायत. सापडला की कॅमेऱ्यातच फायनलाइज करून बघतो.